सिनियरांचं सॉफ्टवेअर

मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो, ते सिनियर पिंपरीच्या कोर्टात साक्षीदाराला दरडावत, ‘हो की नाही, एवढंच सांगा!’ गेल्या वर्षी त्यांनी एआयच्या मदतीने अशिलांचे कागद लावणारं सॉफ्टवेअर स्वतः बनवलं. ते पहिल्यांदा चालवलं त्या दिवशी चाकणच्या एका अशील काकांच्या जमिनीच्या दाव्यात दुपारी युक्तिवाद होता, म्हणून पहिला मान समोर बसलेल्या काकांच्या कागदांना मिळाला. सॉफ्टवेअरने विचारलं, ‘एकाच खरेदीखताच्या दोन प्रती आहेत. एक काढू? हो की नाही?’

सिनियरांनी टाइप केलं, ‘आमचे सर्व हक्क अबाधित राखून, तूर्तास हो.’

सॉफ्टवेअरने पुन्हा तेच विचारलं. सिनियरांनी परिच्छेद लिहिला.

घड्याळाकडे बघत काका म्हणाले, ‘सायेब, व्हय का न्हाई तेवढंच सांगा की! जमीन जाईल माझी.’

अखेर सिनियरांनी ‘हो’ लिहिलं. त्याआधी काकांची लेखी संमती मात्र घेतली.