कवायतबाईंची आयर्न

शाळेत कवायत शिकवायच्या म्हणून गोल्फच्या मैदानावरही सगळे त्यांना कवायतबाईच म्हणत. ताठ कणा, खणखणीत आवाज आणि फटका असा देखणा, की चेंडू आभाळात गेला तरी बघणाऱ्यांची नजर बाईंवरून हलायची नाही. क्लबच्या संघात त्यांची जागा कायमची धरलेली असायची. मग खांद्याचं ऑपरेशन झालं आणि मागच्या हंगामात त्यांना वगळलं. यंदाची निवड तोंडावर आली होती आणि बाई हट्टाला पेटल्या होत्या. जागा परत मिळवायचीच!

जुनी आयर्न झिजली होती. आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्या. पाच नंबरची लांबच्या पल्ल्याला, नऊ नंबरची जवळच्या. नवीन घ्यायला बाई धाकट्या बहिणीसोबत दुकानात गेल्या. तिथला मालक काठ्या कापून, वाकवून ज्याच्या त्याच्या मापाच्या करून द्यायचा. त्याचं नाव पडलं होतं लोहार.

बाईंचा हात थेट सुरीसारख्या पातळ आयर्नवर गेला.

"तरबेज हातांची आहे," लोहार म्हणाला. "चेंडू मधोमध लागला तर लोण्यासारखा जातो. बोटभर बाजूला लागला, की चेंडू अर्ध्या वाटेत बसकण मारतो."

"आणि ही?" बहिणीने पाठीत खोबण असलेली जाड आयर्न उचलली.

"ही सांभाळून घेते. बाजूला लागला तरी पल्ला फारसा तुटत नाही."

"शिकाऊंची आहे ती! पिशवीत कुणी पाहिली तर काय म्हणतील?"

"ताई, चेंडूला तुझी इभ्रत कळते होय गं?"

बाईंनी पातळ आयर्नच लोहारापुढे धरली. लोहाराने पातळ आयर्नच्या तोंडावर पांढरी पावडर फवारली आणि बाई जाळीत फटके मारू लागल्या. प्रत्येक वेळी चेंडूचा ठसा बरोब्बर मध्ये! लोहार तोंडभर हसला. "झालं तर मग. हाच सेट."

बाई मात्र खांदा चोळत उभ्या राहिल्या. "भाऊ, हे खोटं आहे."

"ठसा खोटा कसा असेल, बाई?"

"ठसा खरा, मी खोटी. सकाळी ताजीतवानी होऊन आलेय. खेळ संपत येतो, त्या शेवटच्या होलांवर हा खांदा असा राहतो का? उद्या पूर्ण खेळ खेळून, पिशवी स्वतः वाहून, तशीच इथे येते."

"अगं, पाय मोडून पडशील!" बहीण म्हणाली.

"मोडू दे."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या त्या घामाने निथळत. लोहाराने लगबगीने खुर्ची पुढे केली.

"बसायला नाही आले."

पातळ पाच नंबरचे ठसे आता टोकाकडे भरकटले आणि जाळीशेजारच्या पडद्यावर दिसणारा पल्ला ढासळला. जाड आयर्नचे ठसेही भरकटले, पण पल्ला टिकला. बहिणीने पाण्याची बाटली पुढे केली, बाईंनी ती मानेनेच परत पाठवली. मग पातळ नऊ नंबर घेतली. छोटा फटका, खांद्याला ताण कमी. ठसा मध्ये.

बाईंनी स्वतःच टेबलावर काठ्या मांडल्या. पाच, सहा, सात जाड. आठ, नऊ पातळ.

"दोन जातींचा संसार आहे हा," लोहाराने डोकं खाजवलं. "जाड आयर्न चेंडू लांब फेकते, सात आणि आठच्या पल्ल्यात मोठं अंतर पडेल."

"आठच्या डोक्याचा कोन वाकवून ते अंतर भरायचं काम तुमचं. तुम्ही लोहार ना?"

"एवढ्या प्रेमाने टोमणा मारलात, तर भरतो बाई!"

निवडीच्या दिवशी शेवटच्या होलपर्यंत खांदा ठणकू लागला. समोर वाळूचा खड्डा आणि त्याच्या पलीकडे झेंड्याभोवतीची हिरवळ. बाईंनी जाड पाच नंबर काढली, तेव्हा सोबतच्या खेळाडूने भुवई उंचावली. बाईंनी पाहिलं आणि पाहू दिलं. फटका टोकाला लागला. हाताला झिणझिण्या आल्या. चेंडू वाळू ओलांडून हिरवळीच्या काठावर पडला.

"नीट लागला का गं, ताई?" दोरीपलीकडून बहिणीने विचारलं.

"छे! घाणेरडा लागला," बाई म्हणाल्या आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन चालू लागल्या. संध्याकाळी लागलेल्या यादीत त्या शेवटून दुसऱ्या होत्या, पण संघात होत्या.