परतीचा रकाना

नीला गेल्याचं मला कुणी कळवलं नाही, कारण कळवायचं काम माझ्याकडेच होतं. माझी धाकटी बहीण. सिडनीतल्या आमच्या वेंटवर्थव्हिलच्या घरात आम्ही दोघीच, आणि शेवटी हॉस्पिटलमध्ये उशाशीही मीच. साताऱ्याला, पुण्याला, इथल्या मैत्रिणींना सगळे फोन मी केले, न रडता केले. एकच नंबर राहिला. रोज म्हणायची, आज करू, आणि रोज काहीतरी निघायचं... कधी तिचं कपाट, कधी उरलेली औषधं फार्मसीत नेऊन द्यायची. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मेथी निवडत बसले होते, तेव्हा त्या नंबरवरून फोन आपणहून आला.

फोन मिरियमचा. पॅसिफिकमधल्या एका छोट्या बेटांच्या देशात ती पोलीस सार्जंट आहे, ठाणं सांभाळते. बऱ्याच वर्षांपूर्वी नीलानं तिला तिथे काम शिकवलं होतं. 'सिस्टर, नीला कुठे आहे? मोबाइल लागत नाही तिचा.' आणि मी, निम्मं आयुष्य या देशात काढलेली बाई, काय बोलावं? मनात आलं 'नीला गेली', आणि तोंडातून त्याचंच इंग्रजी बाहेर पडलं. 'नीला हॅज गॉन.' पलीकडे आनंदाची किंकाळीच! निघाली? एकदाची निघाली? तिनं मागे वळून कुणाला तरी ओरडून सांगितलं, टाळ्या ऐकू आल्या. 'कुठल्या विमानानं?' मी म्हटलं, नंतर सांगते, आणि फोन आपटला. तिथे लोक आता तिची वाट बघणार होते आणि ही करणी माझी होती. मेथी तशीच राहिली. त्या दिवशी मी जेवलेही नाही.

'आई, जस्ट टेक्स्ट हर,' माझी लेक ऋचा म्हणाली. मी तिच्यावर खेकसले. असल्या गोष्टी का मेसेजवर सांगतात? पण फोनही होईना. घरभर नुसती येरझारा घालत होते, आणि प्रत्येक फेरीला दाराजवळच्या चपलांच्या रॅकवरची ती वही दिसत होती.

त्या वहीबद्दल सांगायलाच हवं. आमचे वडील, अण्णा, हवालदार. ठाण्यातलं हालचाल रजिस्टर त्यांच्या ताब्यात असायचं: नाव, कुठे, रवाना, परत. त्यांचे नियम दोनच. परतीचा रकाना कोरा राहता कामा नये, आणि दुसऱ्याच्या नावापुढे आपली सही ठोकायची नाही, मग साहेब का सांगेना. एकदा पुरात त्यांचा एक शिपाई वाहून गेला. साहेब म्हणाले, मारा रेघ आणि मिटवा. अण्णा ऐकेनात. दिवस झाल्यावर त्या शिपायाची आई ठाण्यात आली, आणि त्या रकान्यात तिनं अंगठा उठवला. अण्णा तेव्हा उठून उभे राहिले होते. हे घरी येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा मी भाकरी खात होते आणि नीला खायची थांबली होती. आमच्यातला फरक तेवढाच.

सिडनीला आल्यावर नीला पोलिसांच्या रेकॉर्ड विभागात लागली. वर्दी नाही, पिस्तूल नाही, कागद सांभाळणारी बाई. आणि घरी दाराशी वही! दूध आणायला गेली तरी लिहायची. मी म्हणायची, 'अगं, दोन माणसांचं घर, ही कसली चौकी मांडलीस?' त्यावर शांतपणे, 'ताई, कालचा तुझा रकाना कोरा आहे. आलीस की नाहीस?' असा संताप यायचा! पण लिहायची मी. न लिहून सांगते कुणाला.

मग त्या बेटांवर माणसं हवी होती. तिथे दंगे झाले होते, आणि पोलीसच एकेका टोळीच्या बाजूनं उभे राहिले होते. हत्यारं लुटली गेली, लोक ठाण्यासमोरून जायचं टाळून चिखलातून वळसा घालायला लागले. आजूबाजूच्या देशांनी मिळून मदत पाठवली: कुणी गस्त शिकवायला, कुणी तपास. नीला गेली कागद शिकवायला. मी हसले होते. 'देश जळून बसलाय आणि तू काय, वह्या आखायला चाललीस?' ती म्हणाली, 'हो.'

पहिल्या सुट्टीत आली ती काळी ठिक्कर पडून आणि बडबडत. तिथे तक्रार सुट्या चिठोऱ्यावर घ्यायचे, आणि नको असलेला चिठोरा हरवायचा. बरोबरचे लोक कॉम्प्युटर, कॉम्प्युटर करत होते, आणि वीज दिवसातून चार तास. हिनं शिवलेली रजिस्टरं मागवली, पानांवर हातानं आकडे घातले आणि अण्णांचे दोन नियम त्या पोरांच्या डोक्यात बसवले. मिरियम तेव्हा नवी कॉन्स्टेबल. एक दिवस वरचा अधिकारी ठाण्याची गाडी घेऊन स्वतःच्या कामाला गेला, आणि परत आल्यावर मिरियमला म्हणाला, मी दिवसभर इथेच होतो असं लिही. पण तिनं रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं, पेन पुढे केलं आणि म्हणाली, 'सर, तुमच्या वेळा तुम्ही लिहा.' नीला शेजारी उभी होती. 'मी काहीच केलं नाही गं ताई, नुसती उभी होते,' ती मला म्हणाली, पण सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की मला हेवा वाटला. माझ्या कुठल्या गोष्टीनं तो तसा फुलला नव्हता. पुढच्याच आठवड्यात एक बाई ठाण्याची पायरी चढून आली, नवऱ्यानं मारलं म्हणून सांगायला. कित्येक महिन्यांत आलेली पहिली बाई.

दोन वर्षांनी निघायच्या दिवशी मिरियमनं तिच्यापुढे रजिस्टर ठेवलं. नीलानं रवाना लिहिलं, सही केली, आणि आपण घरातून निघताना म्हणतो तसं म्हणाली, 'येते.' म्हणजे त्यांच्या भाषेत म्हणाली, मी येते आहे. आता आपण काही खरंच येणार असतो म्हणून म्हणतो का? जाते म्हणू नये म्हणून म्हणतो. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! त्यांनी तो शब्द धरून ठेवला.

आणि ती गेलीही असती. सहा महिन्यांसाठी पुन्हा बोलावणं आलं होतं, बॅग भरून झाली होती. तेव्हाच माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. ऋचा होती, फिजिओ घरी येणार होता, सगळी सोय होती. पण मला ती हवी होती. मी म्हटलं, 'जा की, खुशाल जा. माझं काय, पडेन इथे एकटी.' असलं बोलायला मला कुणी शिकवावं लागत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बॅगेतले कपडे एकेक करून कपाटात ठेवले. 'पुढच्या वर्षी जाईन.' पुढच्या वर्षी ती मोहीमच आवरली. मग तिचं दुखणं निघालं. एकदाही तिनं मला ते ऐकवलं नाही... ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडले असते.

दुपारच्या त्या फोननंतर पाचव्या दिवशी मी मिरियमला फोन लावला. या वेळी शब्द आधी कागदावर लिहून घेतले होते. नीला वारली. येणार नाही. मी चुकीचं बोलले, माफ कर. पलीकडे ती खूप वेळ रडली आणि मी पहिल्यांदाच तिच्याबरोबर रडले. मग नाक ओढत ती म्हणाली, 'सिस्टर, मग रजिस्टरचं काय करू?'

मला कळेना. तिनं समजावून सांगितलं. नीलाची ती ओळ त्यांनी कधी मिटवलीच नव्हती. रजिस्टर संपलं की नव्याच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर उतरवायचे: नीला, रवाना, आणि पुढे कोरं. नवीन पोरं विचारतात ही कोण, मग मिरियम त्यांना दोन नियम सांगते. इतकी वर्षं. 'मी तिच्यापुढे सही करू शकत नाही. तिनंच शिकवलंय. ती म्हणायची, माणूस आलाच नाही तर घरचं कुणीतरी येतं. पुरात गेलेल्या शिपायाची आई आली होती, तसं.'

माझ्या तोंडात शब्द तयारच होता. 'मी येते,' मी म्हटलं. आणि मग तिला दोनदा सांगितलं, खरंच येते, विमानाचा नंबर कळवते.

ऋचाला वेड लागायची पाळी आली. 'आई, यू कान्ट इव्हन डू स्टेअर्स!' चढेन हळूहळू. नवा गुडघा आहे, त्याच्यापायी तिचं जाणं राहिलं, आता तोच चालेल तिकडे.

आज सकाळी निघतेय. बॅग तिचीच घेतलीय. चपला घालताना वही उघडली. तिची शेवटची नोंद तिथेच आहे: नीला, हॉस्पिटल, रवाना दोन वाजून दहा मिनिटं. पुढचा रकाना कोरा. तिथे घरचं माणूस म्हणून सही मलाच करायचीय, पण आधी तिकडची, मग इथली. तिच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली: ताई, नीलाच्या ठाण्यावर, रवाना सात वीस. ऋचा गाडीत हॉर्न वाजवतेय. मी दार ओढून घेतलं, आणि घरात कुणी नसताना मोठ्यानं म्हटलं, 'येते गं.'