वंदनाबाईंनी काढलेला वेबकॅम

लिनक्सवाल्यांनो, आज मी जळलो, खरं सांगतो.

मूल गावातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमधलं लिनक्सचं मशीन दोन दिवसांपासून मधेच गोठत होतं. मी तीनदा नव्यानं इन्स्टॉल केलं. आज वंदनाबाई, माझीच जुनी विद्यार्थिनी, आता इथंच शिकवतात, त्या म्हणाल्या, "सर, वेबकॅम आन् यूएसबी प्रिंटर संगं लावले का मशीन बंद पडून राह्यलं. एक काढून पाहू काय?"

वेबकॅम काढला. संध्याकाळपर्यंत मशीन एकदाही अडलं नाही. वर्गातल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हणालो, "योगायोग हाये." बाईंचा चेहरा उतरला.

उद्या वर्गासमोर माफी मागणार आहे. पण आत्ताही मनात येते, हे मले काऊन सुचलं नाई? तुमची विद्यार्थिनी पुढं गेली तेव्हा तुम्हाला नुसता आनंदच झाला का?