धर्मसिंग हरवला आहे

आमच्या छोट्या रेडिओला बातम्या द्यायची परवानगी नाही. म्हणून दर शनिवारी मी आठवड्याच्या बातम्यांची टर ‘हरवले आहे’ अशा जाहिरातींतून उडवतो. ‘हरवला आहे : सोमवारी उद्घाटन झालेला रस्ता. वय चार दिवस. सापडल्यास नारळ फोडणाऱ्यांना कळवावे.’

मी व्यंकटराव, वसमतचा निवृत्त कारकून. चौतीस वर्षं कचेरीत माझ्या विनोदाला कुणी हसलं नाही. आता लोक हसतात म्हणे. आमची बायको तारा म्हणते, “तुमचं तोंड दिसत नाही ना, म्हणून.”

एका गुरुवारी रेकॉर्डिंगच्या वेळी पारुबाई आली. शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरून, दोन जीपा बदलून. हातात मुलाचा फोटो.

“भाऊ, तुमी हरवलेलं सांगता न्हाई का? माझं पोरगं सांगा. धर्मसिंग. पुण्याकडं कंपनीत हाय. आठ महिने झाले, माझा फोन उचलत न्हाई.”

“पोलिसात गेलात का?”

“पोलिसात काहून? दोस्ताईला बोलतो की. माझ्यापुरताच हरवला.”

मी समजावलं की बाई, हा गमतीचा कार्यक्रम, इथं सगळं खोटं खोटं हरवतं.

“रस्ता खोटा व्हता का?”

रेडिओवर फोटो दिसत नाही, तर वर्णन सांगा म्हटलं. तिनं सांगितलं ते सगळं मी लिहून घेतलं, कारकुनाची सवय. उजव्या भुवईवर खोक. वांग्याची भाजी दिसली की ताटावरून उठतो. राग आला की बोलत नाही. आई वाट पाहते.

शेवटी ही जाहिरात वाचली. जन्मात पहिल्यांदा मी गंभीर आवाज काढला आणि मनात म्हटलं, व्यंकटराव, आज तुम्ही लोकांना रडवणार.

शनिवारी कार्यक्रम लागला आणि फोनवर फोन. “लई भारी! वांग्याची भाजी! हासून हासून पोट दुखलं!” कुणीतरी तेवढाच तुकडा मोबाइलवर पाठवला, तो जिल्हाभर फिरला. हसवायचं तिथं चौतीस वर्षं जमलं नाही, आणि रडवायला गेलो तर ही तऱ्हा. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या माउलीनंही ऐकलं असेलच.

बुधवारी ती घरीच आली. दारात दिसताच मी मागच्या खोलीत पळालो आणि ताराला खूण केली, घरी नाहीत म्हणून सांग. तारा मोठ्यानं म्हणाली, “या, या, आहेत घरातच.”

मी मान खाली घालून बाहेर आलो.

“फोन आला, भाऊ!” पारुबाई म्हणाली.

“काय म्हणाला?”

“लई बोलला मला. कंपनीतले समदे मोबाइलवर ऐकून हासून राहिले म्हने, इज्जत घालवलीस म्हने. धा मिन्टं भांडला.” ती पदरानं डोळे पुसत हसत होती.

“मग तुम्ही?”

“मी काय, ऐकून घेतलं. आवाज बसलाय त्याचा. सर्दी हाय वाटतं.”

मी म्हटलं, “चला, आता बोलेल रोज.”

“न्हाई ना. पुन्हा उचलंना झालाय.” तिनं खुर्ची माझ्याकडं सरकवली. “ह्या शनिवारी बी वाचा, भाऊ. अन् लोक लई हासले पायजेत, बघा.”