किती मिली झालं?

मी दौंडला राहते. नवरा कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात शिफ्टला जातो. लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल नव्हतं, म्हणून आम्ही पुण्यातल्या एका दवाखान्यात उपचार घेत होतो. सगळ्या खटाटोपातून एकच चांगला गर्भ हाती लागला होता. तो गोठवून ठेवला होता. आता माझ्या गर्भाशयाचं आतलं अस्तर पुरेसं जाड झालं की तो आत सोडायचा, एवढंच बाकी होतं.

पहिल्या खेपेला ते झालंच नाही. गोळ्या घेतल्या, डेमू गाडीनं पुण्याला जाऊन सोनोग्राफी केली, पण अस्तर साडेपाच मिलिमीटरच्या पुढे सरकेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्या पातळ अस्तरावर आपला एकुलता एक गर्भ पणाला लावायचा नाही. हा महिना सोडून देऊ." परतताना मी खिडकीकडे तोंड करून रडले.

ही गोष्ट आम्ही फक्त सासूबाईंना सांगितली होती. त्यांना मी आत्या म्हणते. शिरूरजवळच्या गावात त्या झेंडू पिकवतात. फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी किती पायजे?"

"सात तरी. आठ झालं तर उत्तमच."

"बरं. पुढल्या बारीला मी येती तुज्यासंगं."

दुसऱ्या खेपेला बाराव्या दिवशी साडेसहा भरलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या आणि चार दिवसांनी परत बोलावलं. त्या चार दिवसांत आत्यांचा सकाळ-संध्याकाळ फोन. "आज किती मिली झालं?" ते रोज मोजत नाहीत, हे मी चारदा सांगितलं. तरी विचारायच्याच. एकदा फुलं तोडता तोडता त्यांनी हेच विचारलं, ते शेजारच्या आप्पांच्या कानावर पडलं. भर उन्हाळ्याचे दिवस. आप्पा बांधावरूनच ओरडले, "दौंडला पाऊस झाला का काय, वैनी?"

आत्या क्षणभर गडबडल्या, मग म्हणाल्या, "न्हाई अजून. पन व्हनार हाय!"

फोन कानाला धरून मी कॉटवर लोळून हसले. कितीतरी दिवसांनी.

ठरल्या दिवशी आत्या नवं लुगडं नेसून आल्या आणि माझ्यामागोमाग थेट तपासणीच्या खोलीत शिरल्या. नर्सनं बाहेर थांबायला सांगितलं, तर म्हणाल्या, "मी कशाला हात न्हाई लावत. नुसतं बघती." डॉक्टरीणबाईंनी हसून सोनोग्राफीचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"या एकाखाली एक तीन रेघा दिसतात का? अस्तर असंच दिसायला हवं. आणि जाडी आठ पूर्णांक एक."

"आठाच्या बी वर!" आत्यांनी टाळीच वाजवली. मी गुडघ्यांवर चादर घेऊन पडलेली, मला हसू आवरेना. "हलू नका हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

दुसऱ्या प्रकारची औषधं सुरू झाली आणि सहाव्या दिवशी गर्भ आत सोडला. त्यानंतरचे दोन आठवडे आत्या माझ्याकडेच राहिल्या. रक्ताच्या तपासणीचा निकाल सकाळी अकराला फोनवर आला. नवरा पहिल्या शिफ्टला होता आणि कारखान्यात मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. तीन वाजेपर्यंत थांबणं आम्हा दोघींना शक्यच नव्हतं. आम्ही रिक्षा करून कुरकुंभ गाठलं. गेटवरच्या वॉचमनला नवऱ्याचं नाव सांगून मी म्हटलं, "भैया, घरवाले आए हैं, इतना बोल दो."

तो निरोप ऐकून नवऱ्याला भलतीच शंका आली असणार. डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून तो धावत आला. चेहरा पांढराफटक.

"काय झालं? आई पडली का?"

"मी कशाला पडती!" आत्या माझ्यामागून त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "आरं, दिवस राह्यलं तिला!"

आधी त्यानं आईला मिठी मारली, मग मला, आणि मग काही न सुचून वॉचमनलाही. वॉचमनला कारण कळलं नव्हतं, तरी तो "बधाई हो, बधाई हो" म्हणत राहिला. दहा मिनिटांनी सुपरवायझरची हाक आली. नवरा आत जायला निघाला तो उलट बाजूला, हायवेकडे. आत्यांनीच त्याला दंडाला धरून गेटकडे वळवलं.

मुलगी आता दीड वर्षाची आहे. तिला झोपवताना आत्या तिला तिच्या बापाच्या त्या दिवशीच्या धावण्याची गोष्ट सांगतात, आणि दर वेळी तो थोडा जास्तच जोरात धावतो.