टेलरबाई आणि भाऊजींची बास गिटार

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी टेलरबाईंनी बास गिटार गळ्यात अडकवली, आणि तीही हौस म्हणून नव्हे. हौस म्हणून माणूस बासरी घेतो, पेटी घेतो, फार तर साधी गिटार घेतो. खांद्याइतकं उंच, धोंड्यासारखं जड आणि जीव तोडून वाजवलं तरी समोरच्याला ऐकू येईल याची खात्री नसलेलं वाद्य हौसेने कोण घेईल? बाईंनी ते घेतलं धाकट्या दिरापायी.

दीर, म्हणजे भाऊजी, पाण्याचे पंप दुरुस्त करायचे आणि गेली बावीस वर्षं दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बास वाजवायचे. तिथे चार जणांचं टोळकं जमायचं. शाळेच्या बसचे ड्रायव्हर ड्रम बडवायचे, पोस्टातल्या बाई गायच्या, एक दातांचे डॉक्टर कीबोर्डवर असायचे. सात महिन्यांपूर्वी भाऊजींची डावी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, वाचा शाबूत राहिली, उजव्या हाताला काही झालं नाही. डावा हात मात्र मांडीवर पडून राहिला. बासच्या तारा उजव्या हाताने छेडतात हे खरं, पण सूर ठरतो तो डाव्या हाताने पट्टीवर तार दाबून. भाऊजींनी मंडळींना निरोप धाडला, ‘दुसरा माणूस बघा,’ आणि कोपऱ्यात कव्हरात ठेवलेल्या गिटारकडे पाठ करून झोपायला लागले.

मंडळींनी माणूस शोधणं होईल तितकं लांबवलं. पण वाचनालयाचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला, तेव्हा ड्रायव्हरांनी दुकानात येऊन बाईंच्या कानावर घातलं की आता कुणाला तरी बोलवावं लागेल. बाईंच्या हातातली कात्री थांबली. भाऊजींना त्या ओळखत होत्या. त्यांच्या जागी एकदा परका माणूस उभा राहिला की ते त्या खोलीची पायरी पुन्हा चढणार नव्हते, आणि त्या खोलीशिवाय त्यांना घराबाहेर काढील असं दुसरं काही उरलं नव्हतं.

‘मी शिकते,’ बाई म्हणाल्या. ‘तोवर ती जागा कुणाला देऊ नका.’

ड्रायव्हरांनी हसू कसंबसं गिळलं. ‘बाई, दोनच महिने आहेत.’

‘दोन महिन्यांत मी चार शाळांचे गणवेश काढते.’

हे बळ कुठून आलं, तेही सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी बाईंचे यजमान गेले, तेव्हा बाईंनी दुकान बंद केलं होतं आणि माणसांशी बोलणंही. भाऊजींनी उपदेश केला नाही. दर रविवारी ते दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘वहिनी, शिवण घेऊन चला. तिथे उजेड चांगला आहे.’ त्या खोलीत उजेड कसला, एक मिणमिणती ट्यूबलाइट होती. तरी बाई दोन वर्षं तिथे बसून पँटींच्या कडा दुमडत राहिल्या, आणि केव्हातरी पोस्टातल्या बाईंच्या एका विनोदावर त्यांना हसू आलं. त्या रविवारांचे उपकार बाईंनी कधी बोलून दाखवले नाहीत. विसरल्या मात्र एकही दिवस नाहीत.

भाऊजींच्या नकळत गिटार घराबाहेर काढायचं काम जाऊबाईंनी केलं. कव्हर रिकामं दिसू नये म्हणून त्यांनी त्यात इस्त्रीची जुनी फळी कोंबली आणि चेन लावली. चेहरा असा ठेवला की चोर असावा तर असा.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बाईंचा अभ्यास सुरू झाला. मोबाइलवर एक शांत गृहस्थ सगळं सोपं असल्यासारखं दाखवायचे, आणि बाईंच्या नाकी नऊ यायचे. तार दाबली की घरघर आवाज यायचा. आठवडाभर त्यांना वाटलं गिटार बिघडलीये. मग कळलं की बोट धातूच्या पट्टीच्या अगदी लगत ठेवायचं असतं, मधोमध नाही. त्यांनी खडूने खुणा केल्या, कापडावर करतात तशा. बाईंचे पंजे लहान. पहिल्या पट्टीपासून तिसरीपर्यंत पोचताना करंगळी रडकुंडीला यायची. एक तार छेडली की शेजारची न विचारता गुणगुणायला लागायची, तिला तळहाताने गप्प करायला वेगळं शिकावं लागलं. उजव्या हाताच्या बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. खांद्याला पट्टा रुतायचा, तिथे तेवढा बाईंचा हात चालला. त्यांनी पट्ट्याला आतून जाड अस्तर लावलं आणि दुहेरी टीप मारली. पहिल्या महिन्यात मनासारखं झालेलं हे एकच काम.

पण शिकल्या. दुसऱ्या महिन्यात रविवारच्या खोलीत उभ्या राहिल्या तेव्हा सूर एकही चुकला नाही, दातांच्या डॉक्टरांनी मान डोलावली. बोंब होती ती लयीची. बाई मध्येच पळत सुटायच्या आणि मध्येच रेंगाळायच्या, त्यांच्यामागे ड्रम धापा टाकायचे. मोबाइलवर ठेका धरणारी टकटक लावून बघितली, ती एकीकडे आणि बाई दुसरीकडे. हे असं का होतं ते कुणालाच कळेना, बाईंना तर मुळीच नाही.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी सराव संपल्यावर ड्रायव्हर त्यांच्याजवळ येऊन बसले. माणूस भला, त्यामुळे त्यांना बोलणं जड गेलं.

‘राग मानू नका, बाई. बुधवारी शेवटचा जादा सराव आहे, तोवर जमलं तर ठीक. नाहीतर माझ्या ओळखीचे एक आहेत, त्यांना सांगतो. ड्रम आणि बास एकत्र चालले नाहीत तर गाणाऱ्याचे पाय लटपटतात.’

बाईंना राग आला नाही. खरं तेच ते बोलले होते. त्या दुपारी मात्र त्या गिटार घेऊन सरळ पुढच्या दाराने भाऊजींच्या घरात शिरल्या. जाऊबाईंनी कपाळावर हात मारला.

भाऊजी खिडकीशी बसले होते. त्यांनी गिटार बघितली, मग कोपऱ्यातलं कव्हर बघितलं.

‘मग त्यात काय आहे?’

‘इस्त्रीची फळी,’ बाई म्हणाल्या.

भाऊजींनी कव्हराच्या चेनकडे बघितलं, मग आपल्या पलंगाकडे.

‘म्हणजे दोन महिने मी इस्त्रीच्या फळीवर रुसून झोपतोय,’ भाऊजी म्हणाले.

बाईंनी सगळं सांगून टाकलं. जागेचं, बुधवारचं, लय सापडत नसल्याचं. भाऊजींचा चेहरा आधी कठीण झाला. आपल्याला न विचारता आपल्यासाठी काही केलेलं त्यांना कधीच खपायचं नाही. मग त्यांची नजर बाईंच्या उजव्या हाताच्या बोटांवर गेली, तिथल्या नव्या घट्ट्यांवर, आणि ते म्हणाले, ‘वाजवा बघू.’

बाईंनी वाजवलं. भाऊजींनी डोळे मिटले, उघडले, मग बाईंचे हात सोडून जमिनीकडे बघायला लागले. आणि एकदम हसले, अगदी पोटातून. जाऊबाई ओल्या हातांनी दारात आल्या, कारण हा आवाज त्या घरात आजारपणापासून झाला नव्हता.

‘वहिनी, पाय बघा तुमचा. तुम्ही शिवताय.’

बाईंनी खाली बघितलं. उजवा पाय मशीनच्या पॅडलवर असल्यासारखा फरशी दाबत होता.

‘सरळ शिवण आली की दामटवता. सूर बदलायची वेळ आली की कोपरा आला म्हणून पाय सैल सोडता. तीस वर्षांची सवय. अहो, गाण्याला कोपरे नसतात.’

कळलं, पण कळून उपयोग काय? पाय उशीवर घेतला, तर तोच चाळा हातात शिरला. बाईंनी तीनदा केलं, तीनदा कोपऱ्यावर मशीन मंदावली. चौथ्यांदा भाऊजींचा धीर सुटला. त्यांनी उजव्या हाताने खुर्ची ओढली, बाईंच्या उजव्या अंगाला येऊन बसले आणि पंजा तारांवर ठेवला.

‘तुम्ही नुसत्या दाबा. छेडायचं माझ्याकडे.’

सुरुवातीला फजिती झाली. बाई पोचायच्या आत ते छेडायचे आणि नुसता ठप्प आवाज यायचा. ‘मी तुमच्यासाठी थांबणार नाही,’ भाऊजी म्हणाले, आणि थांबलेही नाहीत. पुढच्या खेपेला बाई आधी निघाल्या. त्याच्या पुढच्या खेपेला वेळेवर पोचल्या. जाऊबाई आत गेल्या आणि आत जाऊन खूप वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

बुधवारी दोघं एकाच गिटारसकट सरावाला आले. ड्रायव्हरांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘एकच जागा होती, आता अजून एक खुर्ची शोधावी लागणार.’ मग त्यांनी ओळखीच्या त्या गृहस्थांना फोन करून नको म्हणून सांगितलं.

कार्यक्रमात बासकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि बासचं तेच तर यश. पोस्टातल्या बाईंनी एक संथ गाणं धरलं. त्यात सूर बदलायची अवघड जागा होती, तिथे बाईंचा पाय सवयीने सैल पडू लागला. पण शेजारचा हात आपल्या चालीने येत राहिला, अजिबात घाई न करता, आणि बाईंची बोटं त्याच्याबरोबर पलीकडे गेली. त्या क्षणी बाईंना इतकं बरं वाटलं की आपण या माणसासाठी काही करतोय की अजूनही त्याच्याकडून घेतोच आहोत, हे त्यांना सांगता आलं नसतं.

कार्यक्रम संपल्यावर पंपाच्या कामातले एक जुने गिऱ्हाईक भेटायला आले. भाऊजींना बाहेर बघून ते हरखून गेले होते. त्यांनी आवाज उतरवून काळजीने विचारलं, ‘आणि डावा हात कसा आहे आता?’

भाऊजींनी हनुवटीने बाईंकडे दाखवलं.

‘हा काय. काज-बटण करतो, गणवेश शिवतो, दुपारी शटर ओढून सराव करतो. लयीला जरा कच्चा आहे, पण माझ्या आयुष्यात याच्याइतका भरवशाचा हात नव्हता.’

बाई पट्ट्याची कडी सोडवत होत्या. दोन महिन्यांत अंगवळणी पडलेली ती कडी त्यांना आता काही केल्या सुटेना.