आईचं गप्प बसणं

२०१६ साली मी मानसशास्त्रात बाहेरून एम.ए. करायला घेतलं. आठवडाभर तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी वर्गासाठी डहाणूला जायचे. नवरा म्हणाला, "आधीच डोकं खातेस, आता शास्त्रशुद्ध खाशील." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मला एक खोड होती. समोरचं माणूस जरा गप्प झालं की मी विचारायचे, "माझं काही चुकलं का?" मुख्याध्यापकांना विचारायचे, शेजारणीला विचारायचे, एकदा तर रिक्षावाल्यालाही विचारलं. तो बिचारा तोंडात तंबाखू धरून बसला होता, म्हणून बोलत नव्हता.

या खोडीचं मूळ माझ्या माहेरी, घोलवडला होतं. आई चिकूच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला जायची. संध्याकाळी घरी आली की भिंतीला टेकून बसायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. मारणं नाही, ओरडणं नाही, नुसती गप्प. ती रागावलीय हे मी धरूनच चालायचे. मग तिला पाणी नेऊन दे, अंगण झाड, भांडी घास. जेवणं झाल्यावर कधीतरी ती "उद्या शाळा आहे ना?" असं काहीतरी बोलायची आणि मला हायसं वाटायचं. आपण भांडी घासली म्हणूनच ती बोलली, अशी माझी खात्रीच होती. दुसऱ्या दिवशी मी ती आणखी जोर लावून घासायचे.

लग्न होऊन तलासरीच्या डोंगराकडच्या घरात आले, तिथे भात आणि नागलीची शेती. त्या घरात दोन माणसं अख्खी दुपार वाल सोलत बसतात, एक अक्षर बोलत नाहीत आणि शेवटी अगदी खुशीत उठतात. मी आपली सासूबाईंना दर थोड्या वेळानं विचारत राहायचे, "आई, माझं काही चुकलं का?" एक दिवस त्यांना माझ्या नवऱ्याला हळूच विचारताना ऐकलं, "हिचं काय हरवलंय का रं? सारखी विचारते." त्या घरात कुणी कुणाचा चेहरा वाचत बसत नाही. माझी निम्मी खोड तिथंच गेली आणि त्याबद्दल मी त्या घराचे उपकार मानते.

उरलेल्या निम्म्याचं नाव मला वर्गात कळलं. बाई मनोविश्लेषण शिकवत होत्या. आधीच्या विचारवंतांनी सगळं उपजत वासनांवर ढकललं; नंतरच्या काहींनी सांगितलं, मूल कुठल्या घरात आणि कुठल्या समाजात वाढलं ते बघा. माया कधी मिळेल आणि कधी आटेल याचा ज्याला अंदाज लागत नाही, त्या मुलाला सगळं जगच परकं वाटू लागतं. मग कुणी माणसांना चिकटतं, कुणी भांडतं, कुणी लांब जातं. गरज असो वा नसो, तीच एक रीत माणूस जन्मभर वापरत राहतं. मी बाकावर ताठ झाले. चिकटणारी म्हणजे मीच, रिक्षावाल्यासकट. गुन्हेगारही सापडला होता, माझी आई. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पुढं परीक्षा जवळ आली. एका दुपारी मी ओट्यावर पुस्तकात डोकं घालून बसले होते. माझी सहा वर्षांची लेक काहीबाही बोलत होती आणि मी उत्तर देत नव्हते. बऱ्याच वेळानं मान वर केली तर अंगण झाडून झालेलं, आणि ती पाण्याचा पेला घेऊन समोर उभी.

"आई, आता बोलशील?"

मी तिला मांडीवर घेतलं. रागावले नाही, वाचत होते, असं दहा वेळा सांगितलं. ती हो हो म्हणाली, पण नजर माझ्या चेहऱ्यावरून हलली नाही. ती नजर मला आतून ओळखीची होती. पुस्तक पाठ करून काय उपयोग, दुखणं तर माझ्या डोळ्यांदेखत पुढच्या पिढीत चाललं होतं. मी घाबरले.

त्याच आठवड्यात लेकीला घेऊन घोलवड गाठलं. आईला काय काय सुनवायचं ते वाटेत मनात घोळवलं होतं. संध्याकाळी आई शेडमधून आली आणि भिंतीला टेकून बसली.

"लहानपणी तू माझ्याशी बोलायची नाहीस. का?"

"कधी?" आईनं विचारलं.

तिला खरंच माहीत नव्हतं. मी पाणी, अंगण, भांडी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "अगं, रागावायला ताकद कुठं होती? शेडमध्ये मला एकटीलाच सगळ्यांच्या भाषा यायच्या. शेठशी गुजरातीत बोल, ट्रकवाल्याशी हिंदीत, पाड्यावरच्या बायांशी त्यांच्या बोलीत. याचा राग त्याला गोड करून सांग. घरी येईस्तोवर जीभ उचलायची नाही. न बोललं तरी चालेल अशी एवढी एकच जागा होती मला." आणि पाय लांब करत म्हणाली, "तू पाणी आणायचीस, ते बरं वाटायचं. विचारलं का नाहीस?"

साऱ्या जगाला विचारत फिरले, पण आईला कधीच नाही. ती "हो, चुकलं" म्हणाली असती तर? एवढी एक भीती होती. पुस्तकातलं मूल खोटं नव्हतं, माझी भीतीही खोटी नव्हती. फक्त त्या पुस्तकात शेड नव्हती. ज्या बाईनं दिवसभर दुसऱ्यांसाठी तीन भाषा बोलून आम्हाला वाढवलं, तिनं गप्प बसायला माझीच सोबत निवडली होती. मला तिचे पाय धरावेसे वाटले. मनात घोळवलेलं सगळं तिथंच विरलं.

आईनं डोळे मिटले आणि ती पुन्हा गप्प झाली. लेक दारातून तिच्याकडे बघत होती. मी आता तिला समजावणार, तेवढ्यात तीच पुढं आली.

"आजी, रागावलीस?"

"नाही गं. दमले."

तिनं आजीकडे जरा वेळ निरखून पाहिलं, "बरं" म्हणाली आणि खेळायला पळाली.